अकरावी-बारावीच्या मुलांची माहिती आमच्या ॲपमध्ये आहे. डेटा संरक्षण कायद्याची तयारी कोठून सुरू करावी?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. आम्ही चौघांनी अडीच वर्षांपूर्वी लातूरमध्ये एक छोटी कंपनी सुरू केली. इथल्या खासगी क्लासेससाठी आम्ही एक ॲप चालवतो. हजेरी, चाचणीचे गुण, फीचे हप्ते आणि पालकांना जाणारे संदेश एवढे त्याचे काम आहे. सध्या अकरा क्लासेस आमच्याबरोबर आहेत आणि सुमारे सहा हजार विद्यार्थ्यांची माहिती आमच्या सर्व्हरवर आहे. निलंगा, अहमदपूर, उदगीर आणि शेजारच्या नांदेड, परभणी, बीड, धाराशिव जिल्ह्यांतून नीट आणि जेईईच्या तयारीसाठी आलेली ही मुले आहेत. त्यांतील बहुतेकांना अजून अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका गुंतवणूकदाराने आम्हाला प्रश्नावली पाठवली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ साठी तुमची तयारी कोणत्या टप्प्यावर आहे, हा त्यातला एक प्रश्न होता आणि त्यासमोर लिहिण्यासारखे आमच्याकडे काहीही नव्हते. एका सल्लागाराने दीड लाख रुपयांत सर्व कागदपत्रे तयार करून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी नमुना म्हणून पाठवलेले गोपनीयता धोरण वाचले, तेव्हा ते कपडे विकणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचे असल्याचे लक्षात आले, कारण त्यात परत आलेल्या मालाच्या पत्त्याचा उल्लेख तसाच राहिला होता.

त्यानंतर एका रात्री मी स्वतः आमचा डेटाबेस उघडून बसलो. 'विद्यार्थ्याचा मोबाईल' आणि 'वडिलांचा मोबाईल' हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, आणि दर तीन नोंदींमागे जवळपास एका नोंदीत दोन्हीकडे एकच क्रमांक आहे. म्हणजे मुलाने स्वतःचाच क्रमांक वडिलांचा म्हणून दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी लागणारी पालकांची संमती ओटीपीने घेऊ, असा आमचा विचार होता, पण तो ओटीपी कोणाच्या हातात पडणार हे आता उघड आहे.

माझे प्रश्न असे आहेत. स्टार्टअपना या कायद्यातून सूट आहे असे ऐकतो, ते कितपत खरे आहे? मे २०२७ पर्यंत वेळ आहे असेही सांगितले जाते, मग तोपर्यंत थांबले तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, ज्या पालकाकडे साधा कीपॅडचा फोन आहे आणि जे गावाकडे शेतात आहेत, त्यांची संमती घ्यायची तरी कशी?

गोदाकाठ (नांदेड)

मी वकिली करतो आणि गेले वर्षभर लहान कंपन्यांची याच विषयातील कामे पाहतो आहे. मुदतीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. परंतु तोपर्यंत मोकळे रान आहे असे कोणी समजू नये. पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्याची माहिती अशा संवेदनशील माहितीच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ आणि २०११ चे नियम आजही लागू आहेत. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला किंवा माहितीची चोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते आणि यंत्रणेचे लॉग, म्हणजे तिच्यात केव्हा काय घडले याच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे बंधन तुमच्यासारख्या छोट्या कंपनीवरही आहे आणि ते आज आहे.

कायद्यातून सूट मिळण्याबद्दल फार गैरसमज पसरला आहे. कलम १७(३) प्रमाणे केंद्र सरकार माहितीचे प्रमाण आणि स्वरूप पाहून काही कंपन्यांना, त्यांत स्टार्टअपही आले, अधिसूचनेद्वारे काही तरतुदींतून वगळू शकते. 'वगळू शकते' या शब्दांवर बोट ठेवून वाचा. सूट आपोआप मिळत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने स्टार्टअप म्हणजे केंद्राच्या संबंधित विभागाची रीतसर मान्यता असलेली संस्था. चार मित्रांनी काढलेली प्रत्येक कंपनी त्यात येत नाही. अशी अधिसूचना तुम्हाला लागू झाली तरी ती कलम ५ मधील नोटीस, कलम ८ मधील अचूकतेची आणि माहिती पुसण्याची पोटकलमे, तसेच कलम १० आणि ११ एवढ्यापुरतीच असेल. संमतीचे कलम ६, सुरक्षेची जबाबदारी, माहिती फुटल्यास कळवण्याची जबाबदारी आणि मुलांविषयीचे कलम ९ या सूटीच्या बाहेर आहेत. तुमच्या व्यवसायातील सगळी जोखीम नेमकी या चार ठिकाणी आहे, त्यामुळे सुटीची वाट पाहण्यात तुमच्या हाती काही लागणार नाही.

आता ज्या प्रश्नावर बाकीचे सर्व अवलंबून आहे आणि जो तुम्ही विचारलेला नाही, तो असा: या माहितीचे तुम्ही कोण? माहिती कशासाठी आणि कशा रीतीने वापरायची हे जो ठरवतो, त्याला हा कायदा डेटा फिड्युशिअरी म्हणतो, आणि जो त्याच्या वतीने केवळ काम करून देतो, तो डेटा प्रोसेसर. हजेरी आणि गुण यांच्या बाबतीत ठरवणारा क्लास आहे आणि तुम्ही प्रोसेसर आहात. लातूरच्या बाजारात गोदामवाल्याकडे सोयाबीन ठेवले तर माल शेतकऱ्याचाच राहतो, तसे हे आहे. पण उद्या त्याच मुलांना तुम्ही स्वतःची चाचणी मालिका विकायला निघालात, किंवा त्यांचे गुण वापरून तुमचे स्वतःचे एखादे उत्पादन घडवले, तर त्या वापरापुरते तुम्ही फिड्युशिअरी झालात आणि पूर्ण जबाबदारी तुमच्यावर आली. तुमचे कर्मचारी आणि तुमच्या वेबसाइटवर चौकशी करणारे लोक यांच्या बाबतीत तर तुम्ही आजच फिड्युशिअरी आहात.

कायद्याप्रमाणे प्रोसेसरकडे काम सोपवायचे तर वैध करार हवा, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी कायद्यासमोर उत्तर द्यायचे ते फिड्युशिअरीने. म्हणून क्लासचालक जागे झाले की ते सगळा भार करारातून तुमच्याकडे सरकवणार, हे गृहीत धरा. ते मसुदा पाठवतील तेव्हा घाईने सही करण्यापेक्षा आपला दोन-तीन पानांचा स्वच्छ करार आधी तयार ठेवलेला बरा. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, किती काळ, कोणाच्या सर्व्हरवर, काही बिघडल्यास किती तासांत कोणी कोणाला कळवायचे आणि करार संपल्यावर माहितीचे काय करायचे, एवढे त्यात असावे. एसएमएस पाठवणारी कंपनी आणि क्लाउड सेवा देणारी कंपनी यांचीही नावे त्यात येऊ द्या.

दंडाचे आकडे तुम्ही वाचले असतीलच. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याचे न कळवल्यास किंवा मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटींपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य, ती किती काळ चालली, पुन्हा पुन्हा झाली का, आणि नुकसान कमी करण्यासाठी काय केले, हे या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाने पाहायचे आहे. सहा हजार मुलांच्या कंपनीला कोणी २०० कोटी मागणार नाही, परंतु त्या मानाने लहान दंडही चौघांची कंपनी बंद पाडायला पुरेसा असतो.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे, मी हात पोळल्यानंतर शिकलेले सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे एका वसतिगृहाच्या फीचा हिशेब ऑनलाइन शीटमध्ये ठेवला जात असे. मुलाचे नाव, गाव, जात, वडिलांचा मोबाईल, किती हप्ते थकले, शेरा. 'ज्याच्याकडे लिंक आहे त्याला पाहता येईल' असे त्या शीटचे सेटिंग होते, कारण सुट्टीच्या दिवशी घरून काम करायला ते सोयीचे पडत असे. एक कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि दोन महिन्यांनी रात्री साडेनऊला गंगाखेडकडच्या एका वडिलांचा फोन आला. "तुमचा हप्ता थकलाय, मुलगा आमच्याकडे पाठवा, आम्ही सवलत देतो, असं कोण म्हणतंय? आमचा हप्ता थकलाय हे त्यांना कुणी सांगितलं?" त्यांच्या आवाजात रागापेक्षा लाज अधिक होती, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. ती शीट कोणी कोणी उघडली हे शोधण्यात आम्ही तीन दिवस घालवले आणि शेवटपर्यंत समजले नाही, कारण नोंदच नव्हती.

म्हणून माझा आग्रह आहे की कोणतेही धोरण लिहिण्याआधी एक तक्ता करा. काय माहिती आहे, ती कोठून आली, ती कोणत्या कामाला लागते आणि ती कधी पुसणार. चौघांनी एकत्र बसून दोन दिवस घालवले तर तो पूर्ण होतो. 'कोणत्या कामाला लागते' हा रकाना ज्या ओळीत कोरा राहील, ती माहिती यापुढे गोळा करणे बंद करा. तुमच्या प्रवेश अर्जात जात, रक्तगट आणि आधार क्रमांक असणार असा माझा अंदाज आहे, कारण कोणीतरी पूर्वी एखाद्या महाविद्यालयाचा अर्ज समोर ठेवून तो बनवलेला असतो. शिकवणीच्या हजेरीला जात कशाला लागते? आधारच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देणारा भाग रद्द केला. ओळखीसाठी पालक स्वखुशीने आधार दाखवत असतील, तरी फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार चालते. स्वागतकक्षातील ताईंच्या खासगी फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आधारचे किती फोटो पडून आहेत, हे एकदा समोर बसून पाहा. तुमचा सर्व्हर कितीही मजबूत असला, तरी माहिती बाहेर जाण्याची वाट बहुधा तिथूनच जाते.

सर्व्हरच्या बाजूने नियमांची अपेक्षा अवाजवी नाही. माहिती एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवणे, कोणाला काय दिसावे यावर ताबा ठेवणे, कोणी केव्हा काय पाहिले याचे लॉग किमान एक वर्ष ठेवणे, आणि बॅकअप घेणे. 'ऑफिस' नावाच्या एकाच लॉगिनने क्लासमधील सहा जण आत जात असतील, तर ते आजच बंद करा, कारण अशा लॉगमधून काहीच सिद्ध होत नाही. माणूस नोकरी सोडतो त्याच संध्याकाळी त्याचे लॉगिन बंद झाले पाहिजे. एक सावधगिरी मात्र बाळगा. नव्या नियमांत काही माहिती आणि लॉग किमान एक वर्ष ठेवण्याचीही अट आहे, त्यामुळे उत्साहाच्या भरात उद्याच सगळे पुसून टाकू नका. पुसण्याचे वेळापत्रक वकिलांना दाखवून मगच ठरवा.

माहिती फुटलीच तर बाधित झालेल्या प्रत्येकाला आणि मंडळाला विनाविलंब कळवायचे आहे आणि सविस्तर तपशील ७२ तासांत मंडळाकडे जायला हवा. पालकांना जाणारा तो मराठी संदेश आत्ताच, डोके शांत असताना लिहून ठेवा. आमच्या त्या तीन दिवसांत आम्ही सर्वांत जास्त वेळ एका संदेशाच्या शब्दांवर वाद घालण्यात घालवला, आणि तोपर्यंत आणखी तीन पालकांना ते फोन गेले.

खडूफळा (लातूर)

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि माझा स्वतःचा लहानसा क्लास आहे, म्हणजे वर म्हटल्याप्रमाणे फिड्युशिअरी मीच. पालकांच्या संमतीबद्दल मला जे दिसते ते सांगते.

आई-वडील गावाकडे असतात हे खरे, पण वर्षातून एक दिवस ते नक्की लातूरला येतात आणि तो म्हणजे प्रवेशाचा दिवस. खोली पाहायची असते, मेस ठरवायची असते, फीचा पहिला हप्ता भरायचा असतो. त्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर बसलेले असतात. संमती घेण्याची याहून चांगली जागा नाही. मी या वर्षीपासून टॅबवर नोटीस मराठीत उघडते आणि ती मोठ्याने वाचून दाखवते. वडिलांचे ओळखपत्र पाहते, त्यांचा क्रमांक माझ्या फोनवरून लावते, त्यांच्याच खिशात फोन वाजला की मगच तो क्रमांक नोंदवते. कीपॅडचा फोन असला तरी तो वाजतो! मागच्या प्रवेशाच्या वेळी औशाजवळच्या एका गावातील वडिलांसमोर मी क्रमांक लावला आणि फोन शेजारी बसलेल्या मुलीच्या दप्तरात वाजला. तिने मान खाली घातली. मी तिला काही बोलले नाही, वडिलांनीच हसून खरा क्रमांक सांगितला.

तुमच्या ॲपमध्ये हीच पद्धत का आणू नये? संमती क्लासच्या टेबलावर घेतली जाईल आणि तिची तारीख, वेळ, वाचून दाखवलेल्या नोटिशीची आवृत्ती आणि ओळख कशावरून पटवली याची नोंद तुमचे ॲप ठेवील. आम्हा क्लासचालकांना अशा सोयीची खरी गरज आहे.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधते. चाचणीचा निकाल सर्व मुलांच्या नावांसह आणि गुणांसह एकाच पालक गटावर टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दोनशे मुलांचे गुण दोनशे घरांत जातात आणि शेवटून दहाव्या क्रमांकावरच्या मुलाचे नाव त्याच्या गावातील दुसऱ्या पालकाला दिसते. तुमच्या ॲपमध्ये तशी यादी पाठवण्याचे बटण आहे, मी ते पाहिले आहे. कृपया ते काढून टाका. मुलाच्या हिताला बाधा येईल असा त्याच्या माहितीचा वापर करू नये, असे कलम ९ सांगते, आणि असा निकाल लागल्यानंतर दोन दिवस वर्गात न येणारी मुले मी दरवर्षी पाहते. दुसरी गोष्ट म्हणजे निकालानंतर चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स. प्रवेशासाठी दिलेला फोटो आणि गुण जाहिरातीसाठी वापरायचे असतील, तर त्यासाठी वेगळे विचारले पाहिजे आणि 'नको' म्हणणाऱ्याला प्रवेशात काही कमी-जास्त होता कामा नये. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने नको म्हटले होते आणि तिला नको म्हणता आले, याचे मला समाधान आहे.

मांजराकाठ (लातूर)

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत आम्ही तक्ता पूर्ण केला. एकोणतीस रकान्यांपैकी बारा रकान्यांसमोर काम लिहिता आले नाही. जात, रक्तगट, आधार, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न हे त्यांत होते. नव्या अर्जातून ते काढले आहेत. मॅडमनी सांगितलेले यादीचे बटण काल बंद केले आणि आता प्रत्येक पालकाला फक्त आपल्याच पाल्याचा निकाल जातो. दोन क्लासचालकांनी तक्रार केली, पण आम्ही ते परत देणार नाही.

टेबलावरच्या संमतीसाठी नोटिशीचा मसुदा लिहिला आहे, तो कृपया पाहावा:

"आम्ही आपल्या पाल्याचे नाव, जन्मतारीख, वर्ग, हजेरी आणि चाचणीचे गुण, तसेच आपले नाव आणि मोबाईल क्रमांक घेत आहोत. हजेरी आणि निकाल आपल्याला कळवणे आणि फीचा हिशेब ठेवणे यासाठी ही माहिती वापरली जाईल. तसेच सेवा सुधारण्यासाठी व इतर आवश्यक कारणांसाठी तिचा वापर होऊ शकेल. ही संमती आपण केव्हाही मागे घेऊ शकता. त्यासाठी क्लासच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. तक्रार असल्यास आधी क्लासकडे आणि तेथे समाधान न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे करता येईल."

शिवाय एक शंका आहे. हजेरी आणि गुण यांवरून कोणता विद्यार्थी मागे पडतो आहे, हे शिक्षकांना दाखवणारी एक सोय आम्ही बनवत आहोत. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे, मग हे करता येईल का?

गोदाकाठ (नांदेड)

मसुदा चांगला आहे आणि मुख्य म्हणजे तो वाचून दाखवता येतो. तीन ठिकाणी बदल करा.

'सेवा सुधारण्यासाठी व इतर आवश्यक कारणांसाठी' हे वाक्य पूर्ण काढा. संमती विशिष्ट कामापुरतीच असते, आणि उद्या वाद झाला तर नोटीस दिली आणि संमती कायद्याप्रमाणे घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिड्युशिअरीवर आहे. अशा मोघम वाक्याने ते सिद्ध होत नाही. दुसरे, टॅबवर एका बोटाने दिलेली संमती मागे घेण्यासाठी लेखी अर्ज मागता येणार नाही. देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणे सोपे असले पाहिजे. एखाद्या क्रमांकावर फोन करून किंवा 'नको' असा एसएमएस पाठवून ते करता येऊ द्या, आणि तो क्रमांक नोटिशीत छापा. तिसरे, अधिकार वापरण्याची आणि मंडळाकडे तक्रार करण्याची वाट कोणती, ते लिंकसह स्पष्ट लिहा. नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहेच, पण उदगीर-देगलूरकडच्या काही घरांसाठी कन्नड, तेलुगू आणि उर्दू मसुदेही ठेवावेत असे मी सुचवीन.

मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सोयीबद्दल सांगायचे तर, नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शैक्षणिक संस्थांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती अशी देखरेख करण्याची मोकळीक आहे. खासगी क्लासेस त्यात बसतात असे माझे वाचन आहे, पण त्यावर वाद होऊ शकतो, म्हणून पालकांची संमती घेतलेलीच असावी. ती यादी केवळ शिकवणाऱ्या शिक्षकाला दिसावी. समुपदेशन किंवा जादा तासांपलीकडे तिचा उपयोग होऊ नये, आणि त्या मुलांना कोणत्याही उत्पादनाची जाहिरात दाखवण्यासाठी तर मुळीच नाही, कारण मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींवर, पाळतीप्रमाणेच, कलम ९ मध्ये बंदी आहे.

शेवटी जन्मतारखेचा रकाना. तुमची बारावीची अर्धी मुले वर्ष संपण्याआधीच अठरा वर्षांची होतील. त्या दिवसापासून संमती देणारी किंवा मागे घेणारी व्यक्ती ती मुलगी स्वतः आहे, तिचे वडील नव्हेत. तिच्या वाढदिवशी तुमच्या ॲपने तीच नोटीस थेट तिच्या क्रमांकावर पाठवावी आणि आपले गुण यापुढे घरी कळवायचे की नाही, हे तिला विचारावे. क्लासचालकांना हे आवडणार नाही, म्हणून ही अट करारात आत्ताच लिहून घ्या.